काजळीच्या कागदाची मागची बाजू

बोलणं हे माझं काम नव्हतं. मी लिहीत असे, तेही काजळीवर, आणि लिहिलेलं वाचायचं काम दुसऱ्यांचं होतं. ती वाटणी बरी होती. आता वाचणारं कुणी उरलं नाही, म्हणून सांगतोय. सांगावं की नाही, याची खात्री मला अजूनही नाही.

मी एक भूकंपमापक. कामचात्कात ओल्खोव्का नावाचं मासेमारांचं गाव आहे आणि त्याच्या डोक्यावर नेमाया नावाचा ज्वालामुखी आहे. नेमाया म्हणजे मुकी. गावात सगळे या पर्वताला ‘ती’च म्हणत. तिच्यावर लक्ष ठेवायला गावाच्या टोकाला दोन खोल्यांचं एक केंद्र होतं. तिथे मी सव्वीस वर्षं काढली.

माझा जन्म लेनिनग्राडातल्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात एक लोखंडी गोळा आहे, साधारण एका मेंढराच्या वजनाचा. तो तारेने अशा रीतीने टांगला आहे, की जमीन हलली तरी तो जागच्या जागी राहतो. सगळं हलत असताना आपण हलायचं नाही, एवढंच त्याला शिकवलेलं. जमीन हलते, गोळा हलत नाही, आणि दोघांतला फरक सुई लिहिते. यंत्राला धरणीकंप जाणवतो असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. काही जाणवू नये म्हणूनच मला बनवलं होतं.

लाकडी भुशात भरलेल्या खोक्यातून आगगाडीने, मग जहाजाने, मग नदीतल्या बोटीने मी ओल्खोव्काला आलो. खोकं उघडणारा माणूस म्हणजे केंद्रप्रमुख इन्नोकेंती साव्विच. दोन पदव्या, तीन भाषा, आणि दाराला कुलूप लावलं की नाही हे बघायला अर्ध्या वाटेवरून परत येणारा. माझे स्क्रू त्याने मोजले, पुन्हा मोजले, आणि मग शेजारी उभ्या असलेल्या बाईला म्हणाला, “तुम्ही एकदा मोजा, ग्लाफिरा निकानोरोव्ना. माझं चुकलं असेल.”

“बारा आहेत,” ती न मोजताच म्हणाली.

ग्लाफिरा गावातलीच. नवरा शिकारी होता, नेमायावर हिमकड्याखाली सापडून गेला. पदरात लहान मुलगी, रिम्मा. केंद्रात तिला कागदाचं काम मिळालं आणि ते तिने असं उचललं की पुढे ते दुसऱ्या कुणाला जमलंच नाही.

ते काम काय, हे सांगायला हवं. माझ्यापुढे एक पितळी रूळ फिरतो. त्यावर रोज सकाळी आठ वाजता एक गुळगुळीत पांढरा कागद गुंडाळून त्याची टोकं डिंकाने चिकटवायची. मग रूळ रॉकेलच्या धुरकट ज्योतीवर फिरवत कागदावर सारखी काजळी धरायची. जाड झाली तर सुई अडते, पातळ झाली तर रेघ दिसत नाही. मग रूळ माझ्यापुढे बसवायचा. तो दर अर्ध्या तासाला एक फेरी घेतो आणि सुई काजळी खरवडत पांढरी रेघ काढत जाते. दिवसाच्या अठ्ठेचाळीस ओळी होतात. दुसऱ्या दिवशी आठला कागद कापून काढायचा आणि स्पिरिटमध्ये लाख विरघळवलेल्या पसरट भांड्यातून हलकेच ओढायचा. लाख बसली की काजळी पक्की होते. मग कपडे वाळत घालतात तसे चिमटे लावून खोलीतल्या दोरीवर टांगायचा. अकराच्या सुमाराला वाळला की साव्विच भिंग घेऊन वाचायला बसे. लाख लावण्याआधी कागदाला हात लावायचा नाही, त्याच्यावर फुंकायचं नाही, जवळ शिंकायचंसुद्धा नाही. एका बोटाने एक अख्खा दिवस पुसला जातो.

ग्लाफिराच्या नाकाच्या शेंड्याला कायम काजळी असे. “पर्वत पेटला तर पहिलं मला विचारतील, बाई, तूच का गं पेटवलास,” असं ती म्हणे. काम करताना ती माझ्याशी बोलायची. मी उत्तर देत नसे, हे तिला सोयीचं होतं.

माणसं मी पावलांवरून ओळखत असे. काँक्रीटच्या चौथऱ्यावर बसवलेलं यंत्र सगळ्यांची पावलं लिहितं. साव्विचची पावलं दारापाशी थांबून परत फिरत. ग्लाफिराची भरभर आणि सारखी. रिम्माची पायऱ्यांवरून उडी मारून येत आणि दर वेळी कागदावर दाभणाने टोचल्यासारखा एक काटा उठे. “हा कुठला धक्का?” साव्विच विचारी. “पावणेचार,” ग्लाफिरा घड्याळाकडे बघून म्हणे, “शाळा सुटली.”

रिम्मा त्याला केशाकाका म्हणायची. इन्नोकेंतीचं घरगुती रूप केशा, पण ते वापरायची हिंमत गावात तिचीच. तिला बसवून तो सांगे, की आपण उभे आहोत त्याच्याखाली महासागराचा तळ दरसाल चार बोटं आत सरकतो, खोल गेला की तापतो, आणि त्या तापाची वाफ वर येते, तेच हे आपले पर्वत. “कदाचित,” तो शेवटी म्हणे. “लेनिनग्राडात हे बोललो तर हसतील.” त्याच्या प्रत्येक अहवालात ‘कदाचित’ असे. वरच्या कार्यालयातून एकदा लेखी सूचना आली की कदाचित कमी करा. त्याने उत्तर पाठवलं, ‘शक्यतो करीन.’

रिम्मा मोठी झाली, शिकून भूगर्भशास्त्रज्ञ झाली आणि याच पर्वतावर काम करायला परत आली. ती गवताळ उतारावर माणूसभर खोल खड्डे खणायची आणि राखेचे थर मोजायची. काळी माती, तिच्यात बोटभर पांढरी राख, पुन्हा काळी माती, मग विटकरी राख, मग हातभर जाड भुरभुरीत दगड, इतका हलका की पाण्यावर तरंगतो. एकदा ती खोलीत चिखलाच्या बुटांनीच आली आणि म्हणाली, “केशाकाका, मुकी झोपलेली नाही. हजार हजार वर्षं गप्प बसते आणि मग एकदम सगळं बोलून टाकते. फुटायच्या आधी ती श्वास धरून बसते.”

“खड्ड्यात श्वास कुठे दिसला तुला?” ग्लाफिराने विचारलं. “बूट काढ आधी.”

आता एका खोट्या इशाऱ्याबद्दल. रिम्माच्या माथ्याकडच्या मोहिमेबद्दल पुढे सांगतो; तिच्या दोन वर्षं आधी, ऐन माशांच्या हंगामात, माझ्या कागदावर काटे वाढले. साव्विचने सगळं गाव नदीपलीकडे हलवायला लावलं. नऊ दिवस लोक तंबूंत राहिले. नेमाया जागची हलली नाही. त्या नऊ दिवसांत लाल मासे नदीतून वर निघून गेले, जाळी कोरडी राहिली आणि हिवाळाभर गावाने बटाटे खाल्ले. मी लिहिलं ते चुकलं, की त्याने वाचलं ते चुकलं, हे मला आजही सांगता येत नाही. गावाने मात्र ठरवलं. मासेमारांच्या संघाचा प्रमुख पंक्रात येलिझारोविच रस्त्यात भेटला की टोपी काढून विचारी, “साव्विच, आज म्हातारीची नाडी कशी आहे? जाळी टाकू, की बटाटे पेरू?” साव्विच हसायचा आणि घरी जायचा. त्यानंतर तो कागद दोनदा नाही, चारदा वाचू लागला.

रिम्माची मोहीम ऑगस्टमध्ये होती. सोमवारी सकाळी रिम्मा आणि तिचा सहकारी अर्तेमी नेमायाच्या माथ्याखाली तंबू ठोकायला निघाले. तिथल्या भेगांमधून निघणाऱ्या वायूचे नमुने काचेच्या नळ्यांत भरून आणायचे होते. निघण्याआधी ते घड्याळं लावून घ्यायला केंद्रात आले.

“आई, पुरे. अर्तेमीच्या पाठीवर आधीच एका माणसाचं ओझं आहे,” रिम्मा म्हणाली.

“वाळलेल्या माशाचं कसलं ओझं? पोटात गेला की हलका.”

“पाठीवर असतो तोवर जडच असतो, ग्लाफिरा निकानोरोव्ना,” अर्तेमी म्हणाला. “वर जाऊन बघतो म्हातारीच्या पोटात किती गॅस झालाय. झालाच असेल तर बडीशेप देऊन येतो.”

“तिला आधी तिचा वाटा द्या,” ग्लाफिरा म्हणाली.

हा तिथला रिवाज. पर्वतावर जाणाऱ्यांसाठी पायथ्याशी जमिनीवर स्पिरिट ओतायचं, टोपणभर, घरच्या यजमानिणीला पहिला घास द्यावा तसं. शिकलेली माणसंही हे करत. विश्वास नव्हता, पण चुकवतही नसत. ग्लाफिराचा नवरा ज्या दिवशी गेला त्या दिवशी घरात थेंब नव्हता, तो तसाच निघाला होता. ती याबद्दल कधी बोलत नसे. लाखेसाठीच्या स्पिरिटची बाटली उचलून ती बाहेर गेली. मी तिची पावलं लिहिली. भूर्जाच्या खुंटापर्यंत चाळीस. मग बराच वेळ काही नाही. मग परत चाळीस.

पोरं गेल्यावर ती माझ्यापाशी आली आणि रिकामी बाटली विसळू लागली.

“सगळं ओतलं,” ती म्हणाली. “टोपणभर ओतायला गेले आणि हात थांबला नाही. उद्या बोट येतेय, नवीन स्पिरिट येईल. दोन कागद तसेच टांगू. तू काही कुणाला सांगणार नाहीस.”

सांगायला मला येत नव्हतं.

साव्विचला तिने सांगितलं की बाटलीला तडा गेला. तो लगेच थांबला. “माझ्या हातून तर नाही? शनिवारी मीच उचलली होती. ठेवताना जरा आवाज झाला होता.”

“तुमच्या हातून नाही.”

“आवाज झाला होता,” तो म्हणाला, आणि रोजवहीत त्याने लिहिलं, ‘स्पिरिटची बाटली फुटली, बहुधा माझ्याकडून.’ ग्लाफिराने ते पाहिलं आणि गप्प राहिली. बोट आली की हे सगळं मिटणार होतं.

बोट आली नाही. नदीच्या मुखाशी धुकं बसलं होतं. सोमवारचा कागद लाखेवाचून टांगला, मग मंगळवारचा, मग बुधवारचा, मग गुरुवारचा. साव्विच हात पाठीमागे बांधून दोरीखालून फिरे आणि मान वर करून बघे. इतक्या लांबून त्याला रेघा दिसत, काटे दिसत नसत. जवळ जायची त्याला भीती वाटे. श्वासाने काजळी उडते.

गुरुवारी दुपारपासून मी लिहीत होतो. लहान लहान काटे, खालून आल्यासारखे. कुणाच्याच पायाला ते कळले नाहीत. गोळा हलला नाही. मी लिहिलं.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता दिव्याची काच किणकिणली. तो धक्का सगळ्यांना कळला. साव्विच आतल्या खोलीतून गुरुवारच्या कागदाकडे धावला, कालच्याशी ताडून पाहायला. त्याच क्षणी ग्लाफिरा बाहेरून आत धावत आली. खोली अरुंद. दोघं दोरीखाली समोरासमोर आले, ती बाजूला झाली आणि तिची लोकरी बाही कागदावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली.

कागद झुलत होता. मधोमध मोठा पांढरा डाग पडला होता, ढगासारखा. ग्लाफिरा आपल्या बाहीकडे बघत होती. बाही काळी झाली होती. गुरुवार त्या बाहीवर होता.

“पुसला,” ती म्हणाली.

“चिमट्यापाशी थोडा आहे,” साव्विच म्हणाला. “तुम्ही बाहेर जा. पाणी प्या.”

डाव्या कडेला, चिमट्याच्या आडोशाला, दोन बोटं रुंद पट्टी शाबूत राहिली होती. दोन बोटं म्हणजे प्रत्येक ओळीतलं जेमतेम एक मिनिट. पण ओळी सगळ्या होत्या, वरपासून खालपर्यंत, अठ्ठेचाळीस. साव्विचने तो कागद दोन चिमट्यांनी उचलून टेबलावर ठेवला आणि भिंग घेऊन दुपारपर्यंत बसला. चारदा मोजलं. मग पट्टी टेबलाच्या कडेबाहेर राहील असा कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला, जिथे तारीख आणि वेळ लिहायची पद्धत आहे, तिथे पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलं. ते मी पाहिलं.

‘शाबूत पट्टी. वरच्या चोवीस ओळींत काटा १. खालच्या चोवीसांत ६. वाढतंय. त्यांना खाली बोलवावं.’

कदाचित हा शब्द त्यात नव्हता. सव्वीस वर्षांत तेवढ्या एकाच ठिकाणी नव्हता.

दुपारी मी गप्प झालो. नेमाया गप्प झाली, म्हणून मीही. एकानंतर सुई सरळ चालली, दोरीसारखी. साव्विच दर दहा मिनिटांनी येऊन तिच्याकडे बघत होता. मला वाटतं, मी काहीतरी लिहावं अशी त्याची इच्छा होती. मला स्वतःहून काही लिहिता येत नाही.

तीनच्या सुमाराला पंक्रात आला. बुटांना माशांचे खवले चिकटलेले.

“माझ्या बायकोची कपबशी फुटली, साव्विच. पुन्हा तंबू ठोकायचेत का? मासा नदीत आलाय. आत्ताच सांगा, म्हणजे लोकांना सांगतो की जाळी वाळत घाला आणि भजन करा.”

“अजून काही ठरलेलं नाही, पंक्रात येलिझारोविच. तुलना करावी लागेल.”

“करा, करा. तुम्ही तुलना करा, तोवर आम्ही मासे धरतो.” जाताना तो दारातून मागे वळला. “तुमच्यावर राग नाही हो. पण आता गावात तुमचं कोण ऐकणार? मीसुद्धा नाही.”

चार वाजता रेडिओची वेळ. या लहरीवर सगळा किनारा ऐकत बसे, पंक्रातच्या कचेरीतलेही. साव्विचने रेडिओ लावला. ग्लाफिरा दारात उभी होती. बाही तिने धुतली नव्हती.

रिम्माचा आवाज खरखरत आला. वायूचं तापमान सोमवारपासून बारा अंशांनी वाढलं होतं. खालच्या भेगेतला नमुना राहिला होता. “सकाळी दहापर्यंत तो घेते आणि उतरते, केशाकाका. तुम्ही म्हणत असाल तर आत्ताच निघतो. अर्तेमीचं आवरलेलंच आहे, त्याला घरचं जेवण आठवतंय. काय करू?”

साव्विचने माझ्याकडे पाहिलं. सुई सरळ चालली होती. मग त्याने टेबलाकडे पाहिलं, तिथे तो कागद होता, काजळीची बाजू वर.

“रिम्मा,” तो म्हणाला, “कालचा कागद पुसला गेलाय. तुलना करता येत नाही. उद्या आठला आजचा कागद निघेल, तो बघून सांगतो. तोवर थांबा.”

“ठीक,” रिम्मा म्हणाली. “आईला सांगा, मासा संपवला.”

ग्लाफिराने ते सगळं ऐकलं. कागद पुसला गेलाय, हे त्याने तिच्यासमोर म्हटलं. ती आत गेली आणि तिने चहा ठेवला. त्याने तो प्यायला.

शनिवारी सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी माझी सुई रुळावरून उडाली. आठला अडतीस मिनिटं कमी होती. नेमायाची पूर्वेकडची अख्खी बाजू सुटून खाली गेली होती. तंबू त्याच बाजूला होता. गाव पश्चिमेला, म्हणून गावाला काही झालं नाही. दुपारी बाराला दिवे लावावे लागले. राख पडत होती, करडी, कोरडी, बारीक पिठासारखी. छपरांवर, होड्यांवर, ग्लाफिराच्या अंगणात वाळत घातलेल्या चादरींवर. कुणी ओरडत नव्हतं. राखेत आवाज पुढे जात नाही.

दहा दिवसांनी शोध थांबवला. सापडण्यासारखं काही नव्हतं. नव्या दगडांखाली जमीन अजून गरम होती.

पंक्रात टोपी हातात घेऊन आला. “साव्विच, तुम्ही सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं,” तो म्हणाला. त्याला यातून धीर द्यायचा होता. साव्विचने मान हलवली. रिम्माने ऐकलं असतं. हे दोघांनाही माहीत होतं.

बोट स्फोटानंतरच्या सोमवारीच आली होती. स्पिरिटच्या चार बाटल्या घेऊन. त्या दिवशी साव्विचने पहिल्यांदाच स्वतः लाख विरघळवली, भांडं मांडलं आणि तो पुसलेला कागद त्यातून ओढला. त्याचे हात पिवळे झाले. वाळल्यावर कागद गुंडाळून, सुतळी बांधून, त्याने आपल्या खणात ठेवला. तेव्हा मला वाटलं, तो डाग पक्का करतोय. आता वाटतं, त्याला मागच्या ओळी पक्क्या करायच्या होत्या. पेन्सिलीने लिहिलेलं पुसता येतं. लाखेखालचं नाही.

त्यानंतर आम्ही तिघांनी अकरा वर्षं काम केलं. ग्लाफिरा रोज आठ वाजता काजळी धरी. एक बदल झाला. ती बाह्या कोपराच्या वर दुमडू लागली. उन्हाळ्यात, हिवाळ्यात, घरात, बाहेर. बर्फात पाणी भरायला जाताना तिचे उघडे हात लाल होत. लोकांनी सुरुवातीला विचारलं, मग सोडून दिलं. ती माझ्याशी बोलेनाशी झाली. साव्विच तिला कधी टाकून बोलला नाही. तो इतका मऊ वागे की ते बघवत नसे. तिला वाटे, हा मला क्षमा करतोय. तो काय करत होता ते मला माहीत होतं. कधी कधी तो “ग्लाफिरा निकानोरोव्ना,” असं म्हणून थांबे. ती वळून बघे. “काही नाही,” तो म्हणे. “काजळी छान धरलीय.”

मी दोघांचंही सगळं जाणत होतो. ती समजे, आपण आधी स्पिरिट ओतलं आणि मग बाही फिरवली, म्हणून मुलगी गेली. त्याला माहीत होतं की पट्टीने पुरेसं सांगितलं होतं, आणि बाटलीचा तडाही तो स्वतःच्याच खात्यात धरून बसला होता. एका खोलीत, एका चुलीवरचा चहा पीत, अकरा वर्षं. एखादा शब्द पुरला असता. पोटातला गोळा हलत नाही, तीच माझी लायकी. पण त्या वर्षांत मला वाटू लागलं की त्या खोलीत आता तीन गोळे टांगले आहेत.

मग पर्वतावरच नवी यंत्रं बसवली. ती रेडिओने थेट शहरात बोलतात, काजळी नको, कागद नको. माझा लंबक स्क्रूने अडकवून टाकला. पुढच्या हिवाळ्यात साव्विच न्यूमोनियाने गेला. ग्लाफिरा शेवटपर्यंत त्याच्या उशाशी होती म्हणतात. तिथे काय बोलणं झालं असेल? मला वाटतं, काही झालं नाही. पुढे जे घडलं त्यावरून तरी तसंच वाटतं.

वीस वर्षं मी एका कोठीत होतो. तिथलं सांगण्यासारखं काही नाही. मग गावच्या ग्रंथालयाने एक खोली जुन्या वस्तूंसाठी काढली. ग्रंथालय बघते झिनाइदा, पंक्रातची सून. केंद्राच्या कपाटातून तिला सुतळी बांधलेली ती गुंडाळी मिळाली, वर तारीख. ती कागद रुळावर बसवायला लागली, तर तो सारखा सुटून यायचा. शेवटी तिने ग्लाफिराला बोलावलं. ग्लाफिरा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती.

पावलं आता मला ऐकता येत नव्हती, लंबक अडकवलेला. ती आत आली तेव्हा दिसली. कोपराच्या वर दुमडलेल्या बाह्या, खाली सुरकुतलेले, थंडीने भाजलेले हात.

“आजी, काढून ठेवलाय तुमच्यासाठी,” झिनाइदा म्हणाली. “फुटण्याच्या आधीचा कागद आहे. पण मधे हा पांढरा डाग कसला ते कळत नाही. पाटीवर काय लिहू?”

“डाग असं लिही,” ग्लाफिरा म्हणाली. “डिंक आण.”

झिनाइदा डिंक आणायला गेली. ग्लाफिराने डागावरून हात फिरवला. लाखेमुळे काही पुसलं गेलं नाही. मग डिंक लावायची कड बघायला तिने कागद उलटा केला.

तिने वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. तिचे ओठ हलत होते. चोवीस, एक. चोवीस, सहा. ती खुर्चीवर बसली आणि कागद मांडीवर घेऊन खिडकीकडे बघत राहिली. खिडकीतून नेमाया दिसते, एक बाजू नसलेली. किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. पूर्वी मला वेळ सांगता येत असे.

झिनाइदा डिंकाची बाटली घेऊन आली. “काय झालं, आजी?”

“शिकलेला माणूस,” ग्लाफिरा म्हणाली. “अकरा वर्षं माझ्या हातचा चहा प्यायला. एवढ्या दोन ओळी बोलता नाही आल्या मेल्याला.” मग म्हणाली, “मला तरी कुठे आल्या. पेन्सिल आहे का गं?”

त्याच्या ओळींच्या खाली तिने लिहिलं. ‘स्पिरिटची बाटली फुटली नव्हती. मी ओतली. पर्वताला. ग्ला.’

मग तिने कागद रुळावर गुंडाळला. एका फटक्यात बसवला, जसा सव्वीस वर्षं बसवत होती. टोकं चिकटवली, अंगठ्याने दाबून धरली आणि मनातल्या मनात साठपर्यंत मोजलं. मग उठली आणि आधी उजवी, मग डावी, अशा दोन्ही बाह्या मनगटापर्यंत खाली केल्या आणि बटणं लावली. बटणं लावायला तिला वेळ लागला. सवय राहिली नव्हती.

आता मी त्या खोलीत काचेमागे आहे. ग्लाफिराही गेली. येणारे लोक पांढरा डाग बघतात, पाटी वाचतात आणि मासे धरायच्या जुन्या जाळ्यांकडे वळतात. दोघांचं लिहिणं माझ्या पितळी रुळाला चिकटून आत आहे, एकाखाली एक. ते आता मी वाचू शकत नाही. फक्त आहे, एवढं माहीत आहे.

तुम्ही कधी आलात तर एकच मागणं आहे. कागद उलटू नका. जे एकमेकांना सांगायचं होतं ते त्यांनी एकमेकांनाच लिहिलं आहे. उशीर झाला, पण पत्ता बरोबर आहे. आणि एवढं सांगून मीच तो उलटला की काय, असं आता वाटतंय. तसं झालं असेल तर चूक माझी. कदाचित.